मोड बघून हात लाव

—आगं थांब, थांब, पेन उचल आधी. उचल म्हटलं की! बघ काय केलंस. तुला नाक वर घ्यायचं हुतं न्हवं? नाक हाय तिथंच ऱ्हायलं आन् आख्खं मुंडकं गेलं पडद्याच्या भाईर. दचकू नगंस, फुटत न्हाय ते, हितं समदं माघारी घेता येतं — कंट्रोल धर आन् झेड दाब — हां, परत — आलं का मुंडकं? आलं. पहिल्या दिवशी समद्यांचं असंच हुतंय. तू हाईस ऑब्जेक्ट मोडात. म्हंजे काय? म्हंजे वर डाव्या कोपऱ्यात लिवलंय की, वाच. ह्या मोडात यंत्राला आख्खी वस्तूच तेवढी कळती. उचल, फिरव, ल्हान कर, मोठी कर — नाक न्हाय, कान न्हाय, एक गठुळं नुसतं. म्हणून पेन टेकवायच्या आधी त्या कोपऱ्याकडं बघायचं, आपुन कुठल्या मोडात हाय ते. जी पोरगी शिकायला येती तिला राणीअक्का पहिलं हेच सांगती — मोड बघून हात लाव. काय? जरा मोठ्यानं बोल बाई, खाली लेथचं यंत्र चालू हाय, उद्यमनगरात हळू बोललेलं कुणाला ऐकू येत न्हाय.

आता ती टॅबची कळ दाब. एकदाच गं! बघ, कसं जाळं पसरलं तोंडावर. ह्यो एडिट मोड. आता त्यो चेहरा चेहरा न्हाय, नुसतं ठिपके आन् ठिपक्यांस्नी जोडणाऱ्या रेघा. धर एक ठिपका, ओढ — झालं का, गालातनं शिंग आलं! हस, हस, सकाळपास्नं पहिल्यांदा हसलीस. हितं एकेक ठिपका जपून हलवायचा — मुकुटाची कड, नथीचा आकडा, जिथं सरळ म्हंजे सरळच पायजे तिथं. आन् तिसरा स्कल्प्ट मोड, त्यो मातीचा. त्यात पेन म्हंजे तुझा अंगठा. हळू दाबलंस तर हळू उठंल, जोरात दाबलंस तर जोरात, कंट्रोल धरून दाबलंस तर उठायच्या जागी खड्डा पडंल, शिफ्ट धरलीस तर गुळगुळीत हुईल. तोंड तेच, पेन तेच, हात त्योच — पर मोड बदलला की येगळंच घडतं. हितनं मग प्रिंटरात जायाचं, मेणाचा नमुना काढायचा, त्यावरनं चांदी ओतायची. कळलं? न्हाय कळलं. कळंल. बाही वर घे जरा, पॅडवर घासतीया —

हे काय गं?

झाकू नगंस. बघितलं मी. चार बोटं आन् अंगठा, निळी पडलीत. बांगडी फुटली म्हणतीस? बांगडीला पाच बोटं असत्यात व्हय? मी काय आज जन्माला आलो न्हाय. कुणाच्या घरात दिलंय तुला? सकाळी नुसतं स्नेहल म्हणालीस, हुपरीची म्हणालीस, मी बी पुढचं काय इचारलं न्हाय. कुणाच्या?

शिवप्रसाद. कुठला शिवप्रसाद? चन्नाप्पाचा? उजव्या कानानं बहिरा हाय त्यो?

…बस. बस खाली, उठू नगंस. पाणी पी. हितं शिकायला त्यानंच धाडलं तुला? माझ्याकडंच जा म्हणाला? बरं. न्हाय, काय न्हाय. नुसतं इचारलं. तुला म्हाईत हाय का, तू बसलीयास त्या खुर्चीत तुझ्या आधी कोण बसत हुतं? व्हय, तीच. त्याची पहिली. शिवलीला. तुझ्या घरच्यांस्नी काय सांगितलं तिच्याबद्दल? डोक्यानं अर्धवट हुती, घर सोडून पळाली? असं सांगितलं! आन् तुझ्या आईबापानं खरं मानलं, पोरगी दिली. मग आता ऐक. शिकवायचं ऱ्हाऊ दे, पडद्यावरचं मुंडकं कुठं जात न्हाय.

शिवलीला निपाणीकडची. रागावली की कानडीत पुटपुटायची, घाबरली तरी कानडीत — आन् घाबरलेलीच जास्त असायची. नवरा भाईर बोलायला लोण्यागत, पावण्यांस्नी वाकून नमस्कार घालणारा, आन् घरात ताटात केस निघाला तर ताट तिच्या डोक्यावर पालथं घालणारा. गरम आमटीसकट. हात मातूर कसबी हुता त्याचा, मी न्हाय म्हणत न्हाय — पैंजणाचा साचा हातानं कोरायचा त्यो. पर आता समदा धंदा चालला कॉम्प्युटरवर. त्यानं आणला घरी, बसला काय दिवस — तुझं आत्ता झालं तसंच झालं, नाक हलवायला गेला आन् मुंडकं गेलं. दुसरा असता तर हसला असता. त्यानं माउस भिंतीवर आपटला आन् तिला म्हणाला, तू शीक, नमुने तू करायचे, नाव माझं सांगायचं. म्हणून ती आली माझ्याकडं. बसनं यायची, डबा घेऊन. सुरवातीला त्या पेनाला अशी धरायची जशी काय इंगळी धरलीया. तिचा घोटाळा एकच — मोडांचा. एडिट मोडात शिरायची आन् मातीगत घासायला जायची, गाल फाटायचा. स्कल्प्ट मोडात ऱ्हायची आन् म्हणायची, अक्का, ठिपके कुठं गेले? आन् चुकलं की — तू बघ, आत्ता तू दोन्ही हात डोक्याकडं नेलेस न्हवं मुंडकं गेलं तवा? — तशीच ती न्यायची. डोकं झाकायची. कॉम्प्युटरफुडं. मला कळायला पायजे हुतं न्हवं? कळलं हुतं. म्हटलं, सांगंल आपणहून.

पर स्कल्प्ट मोडात तिचा हात बसला तवा मी खुर्ची वढून बघत बसलो. असं तोंड घडवायची, आतनं कोण तरी बघतंय म्हणावं. कागलकडच्या एका गावानं शिवप्रसादला गावदेवीचा चांदीचा मुखवटा सांगितला. जुना झिजला हुता. हिनं घरी बसून केला, देखणा केला, मला फोनवर फोटो धाडला. आन् मग त्यो येऊन हिच्या मागं हुबा ऱ्हायला. ओठ हसरा पायजे म्हणाला. आत्ता म्हंजे आत्ता. हुबा ऱ्हायला ते नुसता न्हाय — मानंत बोटाच्या गाठी मारायचा, ठक, ठक, दार वाजवल्यागत. ती गेली एडिट मोडात, आन् तिथं एक वर्तुळ असतंय, तुला पुढं दाखवीन — ते चालू असलं की एक ठिपका ओढला तर आजूबाजूचे समदे ठिपके बी त्याच्यामागं ओढले जात्यात. ते वर्तुळ हुतं चालू, आन् एवढं मोठं की पडद्यात मावतच न्हवतं. दिसणार कसं? पडद्यावर नुसता ओठ. तिनं ओठाचा कोपरा ओढला, ओठ हसला, आन् पडद्याच्या भाईर त्याच अंगाचा डोळा वर सरकला. तिला दिसलं न्हाय. त्यालाबी न्हाय. नमुना निघाला, चांदी ओतली, ओबडधोबड ओतकाम, त्यात कुणाला काय दिसतंय — आन् पालिश करताना त्यो बघणार चकाकी, डोळं कशाला बघंल?

देवीला मुखवटा चढवला. हार घातला, आरती झाली. आन् पुढं बसलेली एक म्हातारी बाळाबाई म्हणून, ती म्हणाली, "देवी माझ्याकडं वाकडी का बघतीया?" मग समद्यांनी बघितलं. एकजण हसला. झालं. मुखवटा उतरवला, फडक्यात बांधून शिवप्रसादच्या हातात दिला. त्यानं हात जोडले, गोड हसला, चूक झाली म्हणाला. शिवलीला मागं बायकांत बसली हुती. येताना गाडीवर एक अक्षर बोलला न्हाय. ती मला म्हणाली नंतर, अक्का, त्यो शिव्या देत असता तर मी देवाचे आभार मानले असते — पर त्यो गप हुता आन् मला गाडीवरनं उडी टाकावी वाटत हुती.

घरी आला. दार लावलं. कामाच्या खोलीत ऐरण हाय, बघितलीस न्हवं तू? त्या ऐरणीवर तिचा उजवा हात ठेवला. "कुठल्या बोटानं वढलंस?" म्हणाला. आता पेन काय एका बोटानं धरत्यात व्हय? तिनं खरं तेच सांगितलं — तीन बोटांनी धरलं हुतं. तर म्हणाला, मग तिन्ही. आन् साचा ठोकायची हातोडी घेतली. अंगठा. मग तर्जनी. मग मधलं. प्रत्येकाच्या आधी इचारत हुता, ह्यानं का? ह्यानं का? ती वरडली तवा सैपाकघरात गौराबाईनं, तुझ्या सासूनं, मिक्सर लावला. रिकामा. आत काय न्हवतं भांड्यात, नुसता गरगर फिरत हुता. तिला त्या दुखण्यापेक्षा ते जास्त ध्यानात हाय, रिकाम्या मिक्सरचा आवाज.

रडू नगंस. अजून हाय.

डाक्टरला ऐरण पडली हातावर असं सांगितलं. मला बी तेच. प्लास्टर निघाल्यावर आली, ती तीन बोटं लाकडागत ताठ, आन् दारात हुबी ऱ्हाऊन म्हणाली, "अक्का, डाव्या हातानं जमंल का?" घरी सांगून आली हुती, नमुने बंद पडलेत म्हणून जातो. मी म्हटलं, जमंल. ऐरणीचं खरं काय ते त्या दिवशी तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं. मी पोलिसात चल म्हटलं. ती म्हणाली, आधी त्यो मुखवटा. मला वेड लागायची पाळी! म्हटलं, आगं गेला खड्ड्यात मुखवटा! तर म्हणाली, त्या म्हातारीकडं देवी वाकडी बघत ऱ्हायली तर मी घरातनं पळूनबी त्याच खोलीत ऱ्हाणार.

मग बसली. पेन डाव्या हातात, कळा दाबायला उजव्याची करंगळी. रेघ नागमोडी जायाची, पुसायची, परत. आन् एक सवय लागली तिला — मोड बदलला की तोंडानं बोलायची. "आता एडिट. वर्तुळ बंद." "आता स्कल्प्ट. दोन्ही बाजू सारख्या." एकटीच बोलत बसायची. ओठाला हात लावायच्या आधी आख्खं तोंड मागं घेऊन बघायची, पुढनं, बाजूनं, खालनं. पूर्वी ती शिकत हुती नवऱ्याच्या भ्यानं. आता तिला खरंच कळाय लागलं हुतं आपुन काय करतोय ते. मुखवटा हितंच ओतला, मी आन् ती दोघींनीच घेऊन गेलो त्या गावात. बाळाबाईनं हात फिरवला तोंडावरनं, म्हणाली, "आता बघतीया." सरपंचानं इचारलं, कुणी घडवला? मी तोंड उघडायच्या आधी ही म्हणाली — "मी. शिवलीला." तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्या दिवशी, आधी नुसतं कुजबुजणं ऐकलं हुतं.

ते नाव हुपरीला जायाला कितीसा येळ लागतोय? दुसऱ्या दिवशी दुपारी शिवप्रसाद आला. हातात पाइप. आत आला आन् शटर खाली वढलं. पहिला मारला प्रिंटरवर, मग पडदे, एकेक. मी मधी गेलो तर खांद्यावर बसला — हा हात अजून पुरा वर जात न्हाय, बघ. शिवलीला त्या कोपऱ्यात. केस धरून वढत आणली हितं, डोकं ह्या मेजाच्या कडंवर आपटलं, एकदा न्हाय. त्यो खड्डा पडलाय न्हवं लाकडाला, हात लाव, त्यो तिच्या कपाळाचा. मग तिचा डावा हात धरला, मेजावर सपाट केला आन् म्हणाला, "आता ह्यो बी." पाइप उचलला. तिनं काय करावं? मनगटाला चावली त्याच्या. तोंड रगतानं भरलं, सोडलं न्हाय. त्यानं हात काढून घेतला तशी तिच्या डाव्या हाताला ओतकामाची लोखंडी नळी लागली, ही, कोपरभर लांब — उचलून बघ किती जड हाय — आन् फिरवली. कानावर. असला आवाज झाला, वला नारळ फुटल्यागत. त्यो गुडघ्यावर आला, मग आडवा. कानातनं रगत, फरशीवर, माझ्या पायापतूर. जिता हुता, कण्हत हुता. आन् त्याचा उजवा हात असा पसरलेला, बोटं फाकलेली.

ती त्याच्यावर हुबी. नळी हातात. त्या बोटांकडं बघतीया. आन् मी म्हटलं, मार.

व्हय, मीच म्हटलं. बोटं मोड त्याची म्हटलं, तिन्ही मोड. हे मी कुणाला सांगितलं न्हवतं, तुला का सांगतोय कुणास ठाऊक. शुद्धीत हुतो की, चांगली शुद्धीत हुतो. आजबी म्हणीन. तिनं न्हाय मारलं. माझ्याकडं असं बघितलं जसं काय मला वळखतच न्हाय. नळी मेजावर ठेवली, शटर वर केलं, अनवाणी जिना उतरून खाली गेली आन् लेथवाल्यांस्नी म्हणाली, "वर एक माणूस पडलाय, उचलून न्या."

आन् त्यानं दवाखान्यात काय सांगितलं? जिन्यावरनं पाय घसरला. आम्ही न्हाय सांगितलं, त्यानंच सांगितलं! बायकोनं, ती बी मोडक्या बोटाच्या बायकोनं आडवा केला असं हुपरीत कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून केस न्हाय, काय न्हाय. कोर्टातनं सोडचिठ्ठी मिळाली तिला, सही केली त्यानं मुकाट. आन् आता तुला आणली. आन् पुन्यांदा हितंच शिकायला धाडली. मला कळत न्हाय, त्याला माझ्याकडंच का —

ती? ती आता कुठं असती? हाय की, मजेत हाय. नृसिंहवाडीला हाय. घाटाकडं जाताना पेढ्यांची दुकानं हायत न्हवं, त्याच्या मागच्या आळीत, वरच्या मजल्यावर खोली घेतलीया. दत्ताच्या पादुकांचे नमुने करती, हाताखाली दोन बायका ठेवल्यात, डाव्या हातानं असं सरसर — हां, बंद झाला बघ लेथ, जेवायची सुट्टी झाली. किती निवांत वाटतंय न्हवं? तूबी डबा काढ. आन् मी काय सांगत हुतो —

कोण खोकलं?

तू न्हाय खोकलीस. मीबी न्हाय. बाप्याचा खोकला हुता. तुझ्या ओढणीखालनं आला.

काढ. फोन काढ भाईर. काढ म्हणतो न्हवं!

…कवापास्नं चालू हाय? हितं आल्यापास्नं? बसमधनं उतरल्यापास्नं. समदं ऐकलं म्हण की. "ती कुठं असती" हे इचार म्हणून त्यानंच सांगितलं हुतं? मान हलवू नगंस, तोंडानं बोल. व्हय. व्हय म्हणतीस. नसतं इचारलं तर दुसरा हात — हां. कळलं. गप. तुझ्यावर न्हाय गं माझा राग. माझ्या जिभंवर हाय. खोलीचा मजलासुदिक सांगून बसलो.

ठेव मेजावर. हां, तसाच, आवाज मोठा कर.

शिवप्रसाद. ऐकतोयस न्हवं? मी राणीअक्का, वर्षाराणी. वाडी ऐकलीस, आळी ऐकलीस, जा मग. तू गाडीला किल्ली लावायच्या आत तिला माझा फोन पोचतोय. तुला दारात कुलूप भेटंल आन् दाराफुडं आख्खी आळी हुबी असंल. तिला पुन्हा बिऱ्हाड हलवाय लागंल माझ्या तोंडामुळं, ते मी हलवीन, माझ्या डोक्यावरनं नेईन भांडी. पर जायच्या आधी हुपरीत चौकात हुबा ऱ्हा आन् सांगून जा, कान कशानं गेला ते. जिना न्हाय म्हणावं. बायकोनं फोडला. डाव्या हातानं, उजव्याची बोटं मीच ठोकली हुती म्हणून डाव्यानं. सांग की! सकाळधरनं ऐकाय बसलाईस, एक शब्द बोल. ही तुझी दुसरी बायको बसलीया हितं, हिला सांग मी खोटं बोलतोय म्हणून. बोल की. चांगला कान लावून बोल.

…का रं?

बघ. नुसता श्वास येतोय.

न्हाय, मी न्हाय कापणार. माझा फोन न्हाय त्यो. तुझा हाय, तुझं तू बघ. माझ्या तोंडाकडं बघू नगंस, स्नेहल. सांजच्या बसनं माघारी गेलीस तर काय हुईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त म्हाईत हाय. ऱ्हायलीस तर माझ्याशेजारी अंथरूण हाय, आन् उद्या पोलिस ठाण्यात जायाचं, त्या हातासकट, तवा मी तुझ्यासंगं हाय. आज म्हंजे आजच ठरव असंबी न्हाय. पर त्यो फोन असा चालू ठेवून मी तुला काय बोलू?

…

कापलास?

…

बरं. फोन बंद झाला. ऊठ. दाराला आतनं कडी घाल आन् तोंडावर पाणी मार. मला वाडीला फोन लावू दे. आता काय बोलू नगंस.